उत्तर कोकणातील गावोगावची चर्चे आणि आपला समाज

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक मंडळाने मला दिली, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. त्या मोकळिकीचा फायदा घेऊन मी जो विषय निवडला आहे तो ऐकून, वाडवळ समाजाच्या व्यासपीठावर चर्चांविषयी भाषण कशाला, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून आरंभीच तिचे निरसन करतो.

आपल्या समाजाचा इतिहास सांगताना आपण बिंब राजापासून सुरुवात करतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीचा आधार घेतो आणि तेथून एकदम चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेवर येऊन पोहोचतो. मधली दोनशे पाच वर्षे, म्हणजे १५३४ पासून १७३९ पर्यंतचा काळ, आपण ‘पोर्तुगीजांचा अंमल’ एवढ्या दोन शब्दांत आटोपतो. वास्तविक पाहता याच दोन शतकांत या किनाऱ्यावरील समाजांची घडण पालटली. वाडवळ, सामवेदी, कोळी, भंडारी अशा अनेक ज्ञातींतील काही घरे ख्रिस्ती झाली, काही आपल्या पूर्वधर्मात राहिली. वाडी वाडीला लागून राहिली, बावखल तेच राहिले, बोली तीच राहिली. देवघर मात्र वेगळे झाले. त्या वेगळ्या झालेल्या घरांचा इतिहास जेथे सांभाळला गेला ते स्थान म्हणजे गावचे चर्च. तेव्हा चर्चांचा इतिहास हा आपल्याच घराण्यांच्या इतिहासातील एक हरवलेला अध्याय होय, असे मी मानतो आणि त्याच दृष्टीने आज चार शब्द बोलणार आहे.

प्रथम एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. वसईचा किल्ला आपण सर्वांनी पाहिला आहे. सेंट जोसेफ कॅथीड्रलचा उंच मनोरा, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि जेझुइट पंथीयांच्या मठांच्या भग्न भिंती, कमानींवर वाढलेली झाडे, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. त्यांतील जेझुइटांचे चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या उत्सवाच्या निमित्ताने काही अंशी वापरात राहिले. बाकीच्या बहुतेकांवर आकाशाखेरीज दुसरे छप्पर नाही. आता तटाबाहेर पडा आणि पापडी, सांडोर, रमेदी, माणिकपूर, पाली, नंदाखाल, आगाशी या मार्गाने चला. या प्रत्येक गावात चर्च आहे, त्याची घंटा आजही वाजते, रविवारी तेथे उभे राहायला जागा मिळत नाही. यांपैकी बहुतेक धर्मग्रामांची स्थापना सोळाव्या शतकातली आहे. इमारती पुढे वेळोवेळी दुरुस्त झाल्या, काही तर पायापासून नव्याने बांधल्या गेल्या. परंतु धर्मग्राम अखंड चालत आले.

किल्ल्यातील चर्चे भव्य होती, धनाढ्य होती आणि तोफांच्या संरक्षणात होती. गावातील चर्चे साधी होती, उघड्यावर होती. मग ती टिकली आणि ही का मोडली? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर असे की, किल्ल्यातील चर्चांना राजाचा आधार होता आणि गावच्या चर्चांना गावाचा. राजा निघून गेला, गाव जागच्या जागी राहिले. हेच सूत्र धरून पुढील विवेचन करतो.

या चर्चांचा आरंभ कसा झाला, हे सांगताना कडू भाग वगळून चालणार नाही. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहान्वये वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांस दिला. सष्टी आणि मुंबईची बेटे त्यातच आली. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून पाद्रोआदो नावाचा अधिकार मिळालेला होता. नव्या मुलखात चर्चे बांधावी, पाद्र्यांचा खर्च चालवावा आणि त्या बदल्यात धर्माधिकाऱ्यांच्या नेमणुकीत आपला शब्द चालवावा, असे त्याचे स्वरूप होते. राज्य आणि धर्मप्रसार अशा रीतीने एका जोखडाला बांधले गेले. मशिदींच्या दिवाबत्तीसाठी चालत आलेले उत्पन्न चर्चच्या कार्याकडे वळविण्यात आले. फ्रे आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने वसई-सष्टीत पुष्कळ चर्चे उभारली. त्याच कालखंडात बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या प्राचीन शैव लेण्याचे चर्च झाले. निर्मळसारखे तीर्थक्षेत्र उद्ध्वस्त झाले आणि मराठ्यांच्या अमलात त्याची पुन्हा प्रतिष्ठा झाली. अनाथ मुलांना ख्रिस्ती धर्मात वाढविण्याचे कायदे झाले. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले आणि त्याचा हात वसईपर्यंत पोहोचला.

हे सर्व सत्य आहे आणि ते सांगण्यात संकोच नसावा. परंतु त्याबरोबर दुसरेही एक सत्य सांगितले पाहिजे. ज्यांनी धर्म बदलला त्यांपैकी कोणी भयाने बदलला, कोणी जमीन आणि पद टिकविण्यासाठी, कोणी दुष्काळात मिळालेल्या आश्रयामुळे, तर कोणी मनापासून. चारशे वर्षांनंतर कोणत्या घराचे कारण कोणते होते, याचा निवाडा करू पाहणे व्यर्थ आहे. पहिल्या पिढीचे कारण काहीही असो, चौथ्या आणि पाचव्या पिढीची श्रद्धा ही त्या त्या घराची स्वतःची श्रद्धा झाली होती. याचा पुरावा पुढे १७३९ मध्ये मिळाला, त्याकडे येतोच.

तत्पूर्वी गावचे चर्च म्हणजे नेमके काय, हे पाहू. आपल्याकडील ख्रिस्ती बांधव आपल्या बोलीत चर्चला ‘देऊळ’च म्हणतात, आणि तो शब्द मोठा बोलका आहे. रचनेच्या दृष्टीने गावचे चर्च अगदी साधे असते. एक लांब दालन, त्याच्या टोकाला वेदी, वर लाकडी आढ्यावर कौले, पुढे चुन्याने रंगविलेली दर्शनी भिंत, बाजूला घंटेचा मनोरा आणि अंगणात दगडी क्रूस. बांधकामाचा दगड जवळपासचा, चुना किनाऱ्यावरील शिंपल्यांचा. वसईच्या काळ्या दगडाची कीर्ती तर इतकी होती की, गोव्यात १५९४ ते १६०५ या काळात बांधलेल्या बोम जेझुस चर्चच्या दर्शनी भागासाठी तो येथून समुद्रमार्गे नेण्यात आला. आराखडा युरोपातून आला असेल. परंतु दगड फोडणारे, चुना मळणारे, सागाची तुळई चढविणारे आणि वेदीवर वेलबुट्टी कोरणारे हात याच भूमीतले होते. मे १६१८ मध्ये या किनाऱ्यावर जे भयंकर वादळ झाले त्यात घरे, गलबते आणि चर्चे यांची अपरिमित हानी झाली. ती चर्चे पुन्हा उभी राहिली.

चर्चचे नाव गावाला कसे चिकटते, याचीही उदाहरणे वसईतच आहेत. रमेदी हे नाव पोर्तुगीज ‘रेमेदियोस’ या शब्दावरून आले. मरियेचे एक बिरुद ‘व्याधिनिवारिणी’ अशा अर्थाचे आहे, त्याचे हे मराठी जिभेवरचे रूप. मर्सेस या गावाचे नावही मरियेच्याच ‘कृपा’वाचक बिरुदावरून पडले. आपण रोज ही नावे घेतो, पण त्यांत देवीचे नाव दडलेले आहे हे आपल्याला आठवत नाही. पाद्री, नाताळ हे शब्द तर राहोच. पाव, चावी, पगार, बटाटा, काजू हे आपल्या स्वयंपाकघरातले आणि कचेरीतले शब्दही त्याच वाटेने आले.

आता चर्चच्या अंतरंगाकडे वळू. इटलीतील त्रेंत येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १५६३ साली असा दंडक घातला की, प्रत्येक धर्मग्रामाच्या पाद्रीने विवाहांची आणि बाप्तिस्म्यांची नोंदवही ठेवावी. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाचे नाव, आईबापांची नावे आणि धर्ममाता-धर्मपित्याची नावे लिहावी लागत. विवाहाच्या नोंदीत साक्षीदारांची. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानंतर मृतांच्या नोंदीही नियमाने होऊ लागल्या. याचा अर्थ काय होतो, तो लक्षात घ्या. आपल्या बाजूला पिढ्यांची नावे त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडतात, आणि तीही यात्रेला जाणाऱ्यांचीच. चर्चच्या वहीत मात्र यात्रेला न गेलेला शेतमजूर, जन्मतःच दगावलेले मूल, तिसऱ्या बाळंतपणात गेलेली सून, या सर्वांची नोंद आहे. राजदरबाराच्या कागदांत ज्यांना कधी जागा मिळाली नाही अशा माणसांचा हा इतिहास आहे. जेथे या वह्या टिकल्या आहेत तेथे त्यांचे मोल कोणत्याही ताम्रपटाहून कमी समजू नये.

चर्चचा खर्च चालविण्यासाठी ‘फाब्रिका’ नावाचा निधी असे. त्याला जोडून भाविकांची बंधुमंडळे असत. सणाचा खर्च, मेणबत्त्या, गरिबाच्या अंत्यविधीची व्यवस्था ही कामे ती करीत. मंडळाचा मान, सणाचा यजमान, मिरवणुकीतील क्रम यांवरून तंटेही होत. ज्ञातीची मंडळे चालविणाऱ्या आपणा सर्वांस यात काही नवल वाटणार नाही! ज्ञातिभेद धर्मांतराने नाहीसा झाला, असेही समजण्याचे कारण नाही. कोळी, वाडवळ आणि कुपारी ख्रिस्ती यांची सोयरीक शतकानुशतके आपापल्या समाजातच होत राहिली. एका छपराखाली प्रार्थना, पण लग्नाला आपापली वाडी, अशी ही व्यवस्था होती. तिच्यातील गुणदोषांचा विचार आपण आपल्या घरापासूनच केलेला बरा.

आता १७३९ कडे येतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात वसई मराठ्यांनी जिंकली. चिमाजीअप्पा आणि त्यांच्या वीरांनी केलेला पराक्रम आपल्या अभिमानाचा विषय आहे आणि राहील. विजयचिन्हे म्हणून चर्चांच्या घंटा देशावर नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा प्रसिद्धच आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर नाना फडणिसांच्या वाड्यामागे जी घंटा टांगली आहे तिच्यावर १७०७ हे वर्ष कोरलेले आजही दिसते. मंडपेश्वराचे लेणे पुन्हा शिवाचे झाले. पोर्तुगीज सैनिक, सरदार आणि त्यांचे युरोपीय पाद्री निघून गेले. किल्ल्यातील चर्चे त्यांच्याबरोबरच निष्प्राण झाली, कारण त्यांचे भक्त जहाजात बसून गेले होते.

गावच्या चर्चांची खरी कसोटी आता लागली. ज्या राज्याने ती बांधली ते राज्य उरले नाही. पूर्वधर्मात परतण्यास राजसत्तेचा अडथळा राहिला नाही. किंबहुना परतणे सोयीचेच ठरले असते. तथापि बहुसंख्य ख्रिस्ती रयत आपल्या धर्मात आणि आपल्या वाडीत राहिली. येथे मराठ्यांच्या राज्यनीतीचाही गौरव केला पाहिजे. वसईच्या तहात ख्रिस्ती रयतेच्या धर्माचरणाची तरतूद होती. युरोपीय पाद्र्यांची जागा एतद्देशीय पाद्र्यांनी घेतली. १७६० च्या सुमारास आंकेतील द्युपेराँ नावाचा फ्रेंच विद्वान प्रवासी सष्टीतून गेला. मराठ्यांच्या अमलातही येथील ख्रिस्ती लोक मोकळेपणाने आपला धर्म पाळतात, त्यांचे सण थाटाने होतात आणि त्यांचे पाद्री याच देशचे आहेत, असे त्याने नमूद केले आहे. ज्या मराठ्यांनी पोर्तुगीजांची सत्ता उखडून टाकली त्यांनीच आपल्या ख्रिस्ती रयतेला तिच्या देवळात जाऊ दिले, ही गोष्ट आपण मुलांना वसईच्या विजयाबरोबरच सांगितली पाहिजे. विजयाइतकीच तीही भूषणावह आहे.

वांद्र्याची हकीकत याच काळातली. डोंगरावरील मोतमाउलीचे मंदिर या धामधुमीत नष्ट झाले. तिची मूर्ती पुढे कोळी बांधवांना समुद्रात सापडली, अशी परंपरा आहे. नवे मंदिर उभे राहीपर्यंत तिला आश्रय मिळाला तो किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या गावच्या चर्चमध्ये. हे चर्च १५७५ चे. कोळीवाड्याला लागून असलेले. डोंगरावरच्या मोठ्या देवस्थानावर संकट आले तेव्हा खालच्या गावदेवळाने त्याची मूर्ती सांभाळली. आज सप्टेंबर महिन्यात मोतमाउलीच्या जत्रेला सर्व धर्मांचे लोक लोटतात, ते त्यामुळे.

चर्चचे खरे अधिष्ठान इमारत की माणसे, हे दाखविणारे आणखी एक उदाहरण मरोळचे आहे. अंधेरीच्या पूर्वेस जेझुइटांनी १५७९ मध्ये सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च बांधले. १८४० च्या सुमारास तेथे साथ पसरली आणि गावकऱ्यांनी ती जागा सोडून मरोळला वस्ती केली. जाताना त्यांनी मूर्ती, वेद्या आणि बाप्तिस्म्याचे कुंड बरोबर नेले व नव्या चर्चमध्ये त्यांची स्थापना केली. जुन्या चर्चच्या भिंती मागे राहिल्या. पुढे १९७३ मध्ये त्या परिसरात निर्यातीच्या उद्योगांची वसाहत झाली आणि ते भग्न चर्च तिच्या कुंपणाआड गेले. धर्मग्राम मात्र मेले नाही; ते चालत मरोळला गेले, एवढेच. एरंगळचे समुद्राकाठचे सेंट बोनाव्हेंचर चर्चही १५७५ चे. तेथे जानेवारीत भरणाऱ्या सणाला दूरदूरचे लोक होड्यांतून आणि बैलगाड्यांतून येत. आता मोटारींतून येतात.

गावकरी आपल्या चर्चला किती आपले समजत, याचे एक जरा तिखट उदाहरणही सांगतो. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदोचा अधिकार मानणारे आणि रोमहून थेट नेमलेल्या बिशपांना मानणारे असे दोन पक्ष येथील ख्रिस्ती समाजात पडले. १८५३ साली वरच्या माहीमच्या सेंट मायकेल चर्चवरून हा वाद इतका विकोपाला गेला की, बिशप हार्टमन आपल्या अनुयायांसह चर्चमध्ये ठाण मांडून बसले आणि विरुद्ध पक्षाने बाहेरून वेढा दिला. अखेर सरकारी अंमलदारास मध्ये पडावे लागले. भांडण शोभादायक नव्हते, हे खरे. पण चर्च हे केवळ वरिष्ठांच्या हुकमाने इकडचे तिकडे करता येत नाही, ते आमचे आहे, ही गावकऱ्यांची भावना त्यातून स्पष्ट दिसते.

या चर्चांच्या छायेत आणखी एक ठेवा टिकला, तो म्हणजे आपली मराठी भाषा. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध मराठीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, हे आपणास ठाऊक आहेच. उत्तर कोकणात फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइंश या पाद्रीने १६५९ मध्ये रचलेले मराठी पुराणही प्रचलित होते. उपवासाच्या काळात ते घरोघरी गायले जाई. वेदीवरची भाषा लॅटिन, दप्तराची पोर्तुगीज, पण अंगणातली, ओसरीवरची आणि मांडवातली भाषा मराठी. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वेदीचा मार्ग मोकळा केला, तेव्हा वसईच्या चर्चांत मराठी सहज प्रस्थापित झाली, कारण ती दाराशीच उभी होती. ज्या नंदाखालचे धर्मग्राम सोळाव्या शतकातले, त्याच गावी १९४२ मध्ये जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा सर्व महाराष्ट्र हळहळला. गावच्या चर्चची परंपरा किती मराठी आहे, हे सांगण्यास याहून अधिक काय हवे?

आणि आपली वाडवळी बोली! ती हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत बोलली जाते. ख्रिस्ती लग्नघरीही उंबराचे पाणी आणण्याचा विधी असतो, बायका मांडवात गाणी म्हणतात. भाताची नवी लोंबी चर्चमध्ये नेऊन तिला आशीर्वाद घेण्याचा ‘आगेरा’ हा ऑक्टोबरातील सण आपल्या नव्याच्या पूजेचा सख्खा भाऊ आहे. चर्चने या चालींना सदैव प्रोत्साहन दिले असे नव्हे. कित्येकदा विरोधही केला. पण बायकांनी त्या सोडल्या नाहीत. देवळाचे दगड पुरुषांनी रचले असतील, परंतु देवळाभोवतीचे गाव स्त्रियांनी जपले, हे मान्य केले पाहिजे.

चर्चच्या अंगणातून लौकिक कार्येही उभी राहिली. गावातील पहिली शाळा पुष्कळदा चर्चचीच असे. सहकाराचे उदाहरण घ्यावयाचे तर पापडीस १९१८ मध्ये सुरू झालेल्या कॅथलिक पतसंस्थेची आज मोठी सहकारी बँक झाली आहे. केळीच्या आणि पानवेलीच्या बागाईतदाराला सावकाराच्या दारातून सोडविण्याचे काम अशा संस्थांनी केले. आपल्या समाजातील पतपेढ्यांच्या चालकांना त्या इतिहासाचा अभ्यास उद्बोधक वाटेल.

बंधुभगिनींनो, आतापर्यंत जे सांगितले ते भूतकाळाविषयी. आता वर्तमानाकडे पाहू, आणि तेथे चिंतेला जागा आहे. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पापडीचे चर्च त्याचे कॅथीड्रल ठरले. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, बावखले बुजली, रहाट थांबले, सुकेळी घालणारी घरे मोजकी उरली. वसई हिरवी राहावी म्हणून ज्यांनी चळवळ केली त्यांत चर्चच्या पाद्र्यांबरोबर आपल्या समाजाचे लोकही होते, हे आपण जाणतो. गाव फुगले की गावचे चर्च अपुरे पडते. मग जुने पाडून मोठे बांधावे, असा विचार होतो. तो करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. माणसांना प्रार्थनेला जागा हवी, ही खरीच गरज आहे. परंतु जुन्या भिंतीबरोबर शिलालेख जातो, थडग्यावरचा दगड फरशीखाली जातो, कोरीव वेदीचे लाकूड वाळवीच्या स्वाधीन होते, आणि मापे व छायाचित्रे कोणी घेतलेली नसतात. नोंदवह्यांची गोष्ट याहून नाजूक. खाऱ्या दमट हवेत कागद पिवळा पडतो, शाई कागद खाते, आणि पोर्तुगीज वाचणारा माणूस गावात उरलेला नसतो.

किल्ल्यातील चर्चे राजा गेल्यामुळे मोडली. गावची चर्चे गाव राहिल्यामुळे टिकली. पण आता गावच नाहीसे होऊ लागले आहे, आणि हा प्रसंग १७३९ पेक्षा अवघड आहे. तेव्हा सत्ता बदलली होती, वाडी बदलली नव्हती. आज सत्तेचा जुलूम नाही, धर्माला बंदी नाही, तरीही वाडी विकली जात आहे. वाडी विकणाऱ्यांत ख्रिस्ती आहेत आणि आपणही आहोत. म्हणून हा प्रश्न ‘त्यांचा’ म्हणून सोडून देता येणार नाही.

यास्तव आपल्या मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली सूचना अशी की, आपल्या समाजातील शिक्षक, स्थापत्यविशारद आणि छायाचित्रकार यांनी एकत्र येऊन, संबंधित धर्मगुरूंच्या संमतीने, वसई तालुक्यातील जुन्या चर्चांची मापे, शिलालेख आणि थडग्यांवरील लेख यांची नोंद करावी. जेथे चर्च पाडावयाचे ठरले असेल तेथे हे काम अगोदर व्हावे. या कामास पैसा फारसा लागत नाही, चिकाटी लागते.

दुसरी सूचना नोंदवह्यांविषयी. त्या खासगी स्वरूपाच्या आहेत आणि त्यांच्यावर चर्चचा अधिकार आहे, याचा पूर्ण आदर ठेवून, जुन्या वह्यांची छायाचित्रे काढण्याच्या कामी साह्य करण्याची तयारी आपण धर्मप्रांताकडे दर्शवावी. गोव्यातील कितीतरी जुन्या नोंदवह्या पुराभिलेखागारात सुरक्षित ठेवल्या गेल्या, त्यामुळे तेथील घराण्यांचा इतिहास लिहिणे शक्य झाले. आपल्या ज्ञातीची वंशावळ तयार करण्याचा संकल्प मंडळाने सोडला आहे. ती वंशावळ ख्रिस्ती शाखेवाचून अपुरी राहील.

तिसरी सूचना भगिनींसाठी आहे. लग्नातील वाडवळी गाणी दोन्ही घरांत म्हटली जात. ती जाणणाऱ्या वृद्धा आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. महिला शाखेने पुढील वर्षी हळदीकुंकवाच्या निमित्ताने शेजारच्या ख्रिस्ती वाडीतील भगिनींना बोलवावे, गाणी ऐकावी, लिहून घ्यावी. एखाद्या गाण्यात आपल्याकडे पार्वती असेल आणि तिकडे मरिया. चाल बहुधा एकच निघेल.

शेवटी एक विचार सांगून आपली रजा घेतो. जुनी वास्तू पाहताना ती कोणी बांधविली, हे आपण प्रथम विचारतो. तो प्रश्न योग्यच आहे, आणि त्याचे उत्तर कित्येकदा दुःखदायक असते. परंतु त्याच्याबरोबर दुसराही प्रश्न विचारावा की, ती कोणी सांभाळली? पोर्तुगीजांनी बांधलेले बहुतेक सारे या किनाऱ्यावर भग्न होऊन पडले आहे. जे उभे आहे ते याच मातीतल्या माणसांनी, वादळात, साथीत, राज्यक्रांतीत आणि आपसांतील भांडणांतही, पुन्हा पुन्हा उभे केले म्हणून उभे आहे. ती माणसे आपली होती. त्यांच्या श्रमाला आपण आपले म्हटले, तर आपला इतिहास दोनशे वर्षांनी समृद्ध होईल आणि वाडीच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या आपल्याच रक्ताच्या माणसांशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू होईल.